आठ पौंड कमी

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता टालियाने जुन्या वजनांपैकी एक प्लेट काट्यावर ठेवली आणि काट्याने एकोणीस पूर्णांक आठ असा आकडा दाखवला. घडलं ते एवढंच. कुणी पडलं नाही, कुणाच्या छातीत कळ आली नाही. आमच्या मंगळवारच्या म्हाताऱ्यांच्या वर्गात ह्या दोन्ही गोष्टी अधूनमधून होत असतात आणि त्यांची सगळ्यांना सवय आहे. काटा म्हणजे तसा काटाही नव्हे तो. अनवाणी उभं राहायचं, दोन मुठी धरायच्या, की अंगात चरबी किती, पाणी किती आणि तुमच्या शरीराचं वय किती ते यंत्र सांगतं. मी त्र्याऐंशीचा. यंत्राने मला सत्त्याऐंशी सांगितली. वरची चार वर्षं मी कुठे घालवली, ते त्याला विचारता येत नाही. प्लेटीला मुठी धरता येईनात म्हणून यंत्र जरा घुटमळलं आणि नुसतं वजन सांगून गप्प बसलं. टालिया जिमची व्यवस्थापक, वय पंचवीस, आम्हा सगळ्यांना आमच्या पाळण्यातल्या नावांनी हाक मारते. भंगारवाल्याला वजनं कळवायची म्हणून ती तोलत होती. प्लेटीवरचा उठावाचा आकडा बोटाने चाचपत ती म्हणाली, "ह्यावर तर पंचेचाळीस पौंड लिहिलंय. म्हणजे वीस किलो चारशे व्हायला हवेत. सहाशे ग्रॅम कुठे गेले, सेल्विन?" तिने माझ्याकडेच पाहावं ह्याला काही कारण नव्हतं. मी सगळ्यांत जवळ बसलो होतो, इतकंच. पण पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या चेहऱ्याकडे ह्या खोलीत आणखी कुणी पाहिलं असेल.

पाहिलं नव्हतं. माझा मेहुणा रेक्स हिंग्स्टन तेव्हा तक्रारपेटीशी भांडत होता. ही तक्रारपेटी नव्या कंपनीने लावली. पूर्वी तक्रार असली की माणूस माणसाला शिव्या द्यायचा. कंपनी मेलबर्नची. नगरपालिकेने दोन वर्षांपूर्वी जिम तिच्या हवाली केलं, तेव्हापासून वाफेची खोली 'तात्पुरती' बंद आहे, दारावर बोट टेकून आत यायचं तर आमची बोटं गिरणीत झिजून गुळगुळीत झालेली असल्यामुळे दार आम्हाला ओळखत नाही, आणि मग आम्ही आठ-दहा जण बॅस स्ट्रेटच्या समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात कुडकुडत एखादा तरुण सभासद येण्याची वाट पाहतो. त्याच्या मागोमाग मेंढरांसारखे आत शिरतो. चहाचं भांडं सुरक्षेच्या नियमात बसत नाही म्हणून गेलं. न्हाणीघरातलं पाणी बरोब्बर साबण लावून होईपर्यंत गरम राहतं. रेक्सने ह्या सगळ्यावर एकूण एकेचाळीस तक्रारी लिहिल्या होत्या आणि बेचाळिसावी पेटीत जाईना, कारण पहिल्या एकेचाळीस कुणी काढल्याच नव्हत्या. मला खरं सांगायचं तर ह्या तक्रारी आवडत. त्या होत्या तोवर जिममध्ये तक्रार करण्याजोगं दुसरं काही आहे हे कुणाच्या लक्षात येणार नव्हतं.

"एखादी असेल तशी," रेक्स पेटी सोडून आला आणि म्हणाला. टालियाने मग सगळ्या तोलल्या. मोठ्या, मधल्या, छोट्या, एकूण चाळीस. सगळ्या कमी. आणि सगळ्या एकाच प्रमाणात कमी, शंभराला तीन. ती म्हणाली, "चुकलंय, पण किती नेमकं चुकलंय बघा." माझ्या कामाची इतकी जाणती स्तुती मी आयुष्यात ऐकली नव्हती.

त्या प्लेटी मी केल्या. म्हणजे ओतल्या फाउंड्रीतल्या मोल्डरने, आर्च पायबसने, पण ज्याच्यावरून ओतल्या तो लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, माझा. साल अडुसष्ट, मी सत्तावीस वर्षांचा, कागदाच्या गिरणीच्या पॅटर्न शॉपमध्ये चांगला मुरलेला कारागीर. गिरणीला स्वतःची छोटी फाउंड्री होती आणि गिरणीतल्या पोरांना जिम हवं होतं. विकतची वजनं जहाजाने यायची, म्हणून ठरलं की ती घरीच ओतायची. साहेबाच्या वेळात साहेबाच्या मालातून केलेल्या अशा खासगी कामाला आमच्याकडे 'फॉरिनर' म्हणतात. निम्म्या गावाचे फाटकांचे खटके, चुलीच्या जाळ्या आणि होड्यांचे नांगर फॉरिनर म्हणूनच जन्माला आले, आणि फोरमनला सगळं ठाऊक असायचं. फक्त त्याच्या डोळ्यांसमोर करायचं नाही, एवढा शिष्टाचार. आता ओतीव बीड निवताना आकसतं. फुटामागे अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्न करताना साधी पट्टी वापरायची नसते; आमची एक वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा प्रत्येक इंच जाणूनबुजून केसभर मोठा आखलेला. तिला आम्ही आकसाची पट्टी म्हणायचो. शॉपमधली ती पट्टी फोरमनच्या खिडकीशेजारच्या खिळ्यावर टांगलेली असे. जेवणाच्या सुट्टीत ती खाली उतरवली असती तर फोरमनला न बघण्याचं सोंग करणं अवघड गेलं असतं. मी खिशातली साधी पट्टी काढली. मनाशी म्हटलं, आकस हिशेबाने वाढवून घेऊ. मग सँडविच खाल्लं, पाइनच्या लाकडाचा वास घेत ते लेथवर चढवलं, आकडे उलटसुलट न होता उठावात नीट बसले म्हणून स्वतःवर खूश झालो, आणि आकस विसरलो.

आठवडाभराने स्टोअरच्या काट्यावर एक प्लेट ठेवली तेव्हा कळलं. जिना उतरताना नसलेल्या पायरीवर पाय टाकावा तसं. तेवढ्यात जिममधून आरोळ्या ऐकू आल्या. रेक्सने तीनशे पौंड उचलले होते. बाकावर उताणं पडून दांडा छातीला टेकवायचा आणि सरळ वर ढकलायचा. तीनशे पौंड असे ढकलणारा माणूस तेव्हा ह्या किनाऱ्यावर कुणी पाहिलेला नव्हता. दांडा तेवढा विकतचा, म्हणून खरा. बाकी सगळ्यात मिळून जवळजवळ आठ पौंड नव्हते. आठ पौंड म्हणजे काय ते मला पुढल्याच वर्षी नर्सने हातात दिलं तेव्हा नीट कळलं; माझी मुलगी जन्मली ती बरोब्बर तेवढी होती. म्हणजे रेक्सने एक सबंध मूल खाली ठेवून बाकीचं उचललं होतं. त्याला चार जणांनी खांद्यावर घेतलं होतं, माझी मॅव्हिस भावासाठी रडत होती, आणि मी दारात उभा होतो. त्या वेळी म्हणायला हवं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण अर्धं मिनिट गेलं, मग बिअर आली, मग पुढला शुक्रवार आला आणि दुसऱ्याने तीनशे उचलले. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की फळा हवा. ब्लॅकवुडच्या लाकडाचा फळा, सोनेरी अक्षरं: 'तीनशेवाले'. गिरणीत सुबक अक्षर माझं. फळा मी केला, रेघा मी आखल्या, बारा ओळींची जागा ठेवली, आणि सात वर्षांत एकामागून एक अकरा नावं माझ्या हाताने लिहिली. प्रत्येक नावापुढे तीनशे. ब्रश पाण्यात बुचकळताना दर वेळी वाटे, हे नाव झालं की सांगू.

बारावी ओळ रिकामी राहिली. तिला गावात 'सेलची जागा' म्हणतात. "सेल, तुझी जागा अजून झाडून ठेवलीय रे," असं रेक्स गेली पन्नास वर्षं दर मंगळवारी म्हणतो, आणि हसतो तेव्हा पहिल्यांदाच सुचल्यासारखा हसतो. कारण मला तीनशे जमले नाहीत. म्हणजे एका रविवारी सकाळी, सगळे चर्चमध्ये असताना, मी एकट्याने जाऊन तो दांडा त्याच प्लेटींसकट उचलला होता. पण ते तीनशे नव्हते हे तिथे फक्त मलाच माहीत होतं, आणि ते माहीत असलेल्या माणसाला फळ्यावर चढता येत नाही. मी एक युक्ती केली. प्लेटी सरकू नयेत म्हणून दांड्याच्या टोकांना कड्या लावतात. मी माझ्यासाठी निराळ्या कड्या करून घेतल्या, दिसायला तशाच, पण आत शिसं भरलेलं. नेहमीच्या कडीपेक्षा प्रत्येकी चार पौंड जड. पोरं म्हणाली, सेलच्या शकुनाच्या कड्या. आणि बहात्तर सालच्या एका शुक्रवारी, भरल्या खोलीत, मॅव्हिस पुढच्या बाकावर, मी गावातले पहिले खरे तीनशे पौंड छातीवर घेतले आणि ते तिथेच राहिले. लोखंड गार होतं हे आठवतं. बरगड्या आतून वाजल्या. डोक्यामागे आधाराला आर्च उभा होता; त्याचा चेहरा मला उलटा दिसत होता, हनुवटी वर आणि डोळे खाली, आणि त्याने दांडा उचलून घेतला तो एखाद्या झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण काढावं तसा. नंतर प्लेटी उतरवताना त्याने माझ्या कड्या काढल्या. एक ह्या हातात, एक त्या हातात. किंचित थांबला. मग माझ्या पिशवीत ठेवल्या आणि म्हणाला, "चल, बाहेर वारा चांगला आहे." आर्च हे असंच बोलायचा. एक मोल्डर आणि एक पॅटर्नमेकर ह्यांनी आयुष्यभर एकमेकांशी जितकं बोलायचं तितकं आम्ही बोललो. तो माझ्याहून, रेक्सहून, सगळ्यांहून ताकदवान होता आणि त्याने तीनशेला कधी हातही लावला नाही. लोक म्हणत, स्वभावच मागे राहण्याचा. मीही म्हणत होतो. घरी जाताना मॅव्हिसने मोटारीची काच खाली केली, वर केली आणि म्हणाली, "रेक्सला जमतं." ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मी तिलाही दिलं नाही.

तर त्या मंगळवारी आधी काटा खोटा ठरला. टालियाने मोजलेल्या पाण्याची बाटली ठेवून तो खरा करून दाखवला. मग प्लेटी झिजल्या असं ठरलं. "माणूस झिजतो, तर बीड का नाही?" रेक्स म्हणाला. टालिया म्हणाली, झिजल्या असत्या तर आकडे आधी पुसले असते, आणि आकडे तर काल कोरल्यासारखे आहेत. हे ऐकून पुन्हा मला नको तेव्हा बरं वाटलं. मग फळ्याखाली, आपापल्या थर्मासमधला चहा ओतत, फळ्यावरचे हयात असलेले चौघे वर नावांकडे बघू लागले. त्यांच्या डोळ्यांपुढे कंपनीचा निरोप नाचत असणार. फळ्याच्या जागी आरसा लावायचा म्हणून कंपनी सहा महिने टपलेली होती, आणि तीनशेवाल्यांनी तीनशे उचललेच नसतील तर फळा ठेवायचा कशाला? आणि मग रेक्सला ते सुचलं. सुचलेलं मी त्याच्या कानांवर पाहिलं. ते लाल होतात.

"ओतल्या कुणी? आर्चने," तो म्हणाला. "शंभराला तीन. चाळीस प्लेटी. त्यातलं बीड गेलं कुठे? आर्चच्या समुद्रावरच्या खोपटात ती ओतीव चूल आली कुठून, कुणी विचारलंय का कधी?"

"रेक्स," मी म्हणालो.

"मी नुसतं विचारतोय, बाबा. मेलेल्या माणसाविषयी मला वाईट बोलायचं नाही. पण आपण फसवले गेलो, हे तर खरं ना?"

फसवले गेलो. त्या शब्दाने चौघांच्याही पाठी सरळ झाल्या. चूक झाली असती तर ते नुसतेच आठ पौंड कमी होते. चोरी झाली म्हटल्यावर ते लुटले गेलेले मर्द झाले, आणि लुटल्या गेलेल्याचं नाव फळ्यावरून कोण काढतो? मला बोलायचं होतं. पण रेक्सच्या मागे, वजनाच्या रांगेजवळ, ऊना पायबस उभी होती. आर्चची बायको, ऐंशीची, दर मंगळवारी चहाबरोबर खायला खजुराचे स्कोन भाजून आणते. डबा तिच्या हातात होता. किती ऐकलं कोण जाणे. तिने डब्याचं झाकण लावलं, चारी बाजूंनी दाबून नीट लावलं, आणि निघून गेली. दाराबाहेर जायला बोट लागत नाही.

पुढल्या मंगळवारी ती आली नाही. आर्चने प्लेटीतलं बीड मारलं, हे तोवर बेकरीत, बोलिंग क्लबात आणि दवाखान्यातल्या बाकांवर पोहोचलं होतं. छोट्या गावात बातमी पळत नाही, ती बसून असते. तुम्ही जाल तिथे आधीच बसलेली. मला दुकानातल्या बाईने विचारलं, "तुम्ही तर त्याच्याबरोबर होता, तुम्हाला कधी संशय नाही आला?" मी म्हणालो, "नाही." हे उत्तर तोंडातून इतकं सहज गेलं की मी रस्त्यात उभा राहून त्याची चव पाहिली. शिळ्या पाण्यासारखी होती. आठवडाभर मी घरातल्या घरात फिरलो. रात्रीचं जाऊ द्या, मला दुपारीच झोप येईना. आर्च गेलेला, मॅव्हिस गेलेली, उरलो तो आकड्यात चुकलेला मी. आता बोलून कुणाचं भलं होणार, असं मी स्वतःला फार चांगल्या भाषेत समजावून सांगत होतो. मी जन्मभर ही भाषा जपली आहे. ती माझी मला कधी कमी पडलेली नाही. पण मधेच आर्चचा उलटा चेहरा दिसे आणि मी मांडलेलं सगळं पुन्हा मांडावं लागे.

त्याच्या पुढल्या मंगळवारी मी शेडमधून त्या दोन कड्या काढल्या, गंज पुसला, पिशवीत घातल्या आणि गेलो. दाराने मला ओळखलं नाही. आत गेल्यावर फळ्याखाली उभा राहिलो आणि सांगितलं. पट्टी, खिळा, सँडविच, आकस, सगळं. माझ्याकडून पॅटर्न आला तसा आर्चने ओतला, त्याने चमचाभर बीड घेतलेलं नाही, चूक माझी, आणि ती मला आठव्या दिवशी कळली होती. बोलायला चार मिनिटं लागली. म्हणजे तेव्हाचा माझा अर्ध्या मिनिटाचा अंदाजही चुकलाच होता.

वरच्या कर्ण्यातून कंपनीचं ते नवं संगीत चालूच होतं, एकच ओळ पुन्हा पुन्हा. मग रेक्सने चहाचा घोट घेतला.

"म्हणजे तुला तीनशे जमले नाहीत," तो सावकाश म्हणाला, "म्हणून आता आम्हा सगळ्यांना दोनशे ब्याण्णववर आणतोस होय?"

"तुम्ही तिथेच होता, रेक्स."

"पन्नास वर्षं जळत होतास, सेल. मी मॅव्हिसला म्हणायचो, हा जळतो. ती म्हणायची, नाही रे, तो अबोल आहे."

मी कड्या काढून टालियाच्या हातात दिल्या. तिने त्या यंत्रावर ठेवल्या, नेहमीच्या कड्यांशी ताडून पाहिल्या, आणि माझ्याकडे तिने प्रथमच माझ्या शरीराच्या वयाचा विचार न करता पाहिलं. "प्रत्येकी चार पौंड जास्त आहेत," ती म्हणाली.

"ह्यावरून एवढंच कळतं की हा तेव्हाही वेडा होता," रेक्स म्हणाला आणि चौघे हसले. हसणं बरंच लांबलं. मग तो हसायचा थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "समजा खरं आहे. म्हणजे तू तिथे बसून, दर शुक्रवारी, एकेकाला बघत होतास. खांद्यावर घेताना बघत होतास. आणि वर आमची नावं लिहीत होतास." त्याचे कान ह्या वेळी लाल नव्हते, पांढरे होते. "हे जर खरं असलं ना, सेल, तर त्यापेक्षा आर्च चोर असलेला मला चालेल." आणि चौघांनी आपापले थर्मास उचलून खुर्च्या खिडकीकडे नेल्या. इथे जागा बदलणं ही फार मोठी गोष्ट आहे. गेल्या पस्तीस वर्षांत ती फक्त अंत्यविधीनंतर झालेली आहे.

मी ऊनाकडे गेलो. खरं तर तिथे आधी जायला हवं होतं, हे मला तिच्या फाटकाचा खटका उघडताना कळलं. खटका ओतीव, आर्चचा, पॅटर्न माझा. त्याला माप बरोबर आहे. ती स्वयंपाकघरात बसली होती. मी टोपी हातात धरून सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जरा घोटीव झालं होतं, ह्याची मला लाज वाटली.

"हं," ती म्हणाली. "ते मला माहीत आहे."

मी उभाच राहिलो.

"पॅटर्न आला त्याच दिवशी त्याने त्याला आपली पट्टी लावली होती. रात्री जेवताना म्हणाला, सेलने आकस धरलेला नाही. मी म्हटलं, मग सांग त्याला. तर म्हणे, दुसऱ्या कारागिराला त्याचं काम शिकवायचं नसतं. तो तोलून बघेल आणि आपणच येईल." ती टेबलावरचा कण बोटाने टिपून घेत होती. "मग तू काही आला नाहीस. त्याला वाटलं, तुला कळलंच नसेल. चार वर्षं तो घोळत होता, सांगू की नको. आणि मग तू त्या कड्या लावल्यास. घरी आला तो हात असे धरून. म्हणाला, ऊना, त्याला ठाऊक आहे. चार-चार पौंड. त्याला सगळं ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय. मग तो थांबला. तू सांगशील म्हणून." तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मला बसता आलं असतं. "दर शुक्रवारी जाताना म्हणायचा, आज सांगेल बहुतेक. नंतर नंतर म्हणायचा थांबला. जायचा मात्र."

चुलीवर किटली होती. तिने चूल पेटवली नाही.

"आणि ती खोपटातली चूल माझ्या बापाने लग्नात दिलेली. रेक्स त्या लग्नात वाढपी होता."

मी म्हटलं, हे मी रेक्सला सांगतो. ती म्हणाली, "तू नको सांगू कुणाला काही. तुझं सांगणं फार उशिरा येतं." मग उठली, आतल्या खोलीत गेली, आणि खण उघडल्याचा, बराच वेळ काही उपसल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा बोलत बोलतच आली, जणू आत कुणाशी तरी चाललेलं बोलणं बाहेर आणलं होतं. "त्याने उचलले होते. माहीत आहे तुला? नाही ना. त्र्याहत्तरच्या ईस्टरला, खोपटाच्या मागे. गिरणीतला जुना दांडा, नांगराचं लोखंड, सगळं मासेवाल्यांच्या काट्यावर तोलून आणलेलं. तीनशे आणि वर एक पौंड, काट्याच्या चुकीसाठी. मी माशांच्या खोक्यावर बसले होते. मी म्हटलं, तुझ्या छातीवर पडलं तर मी काय करू? म्हणे, धावत जा आणि सेलला बोलाव." ती खुर्चीत बसली. "पडलं नाही. सरळ वर गेलं. मग खाली ठेवून म्हणाला, हं, जमतं. आणि पुन्हा कधी त्या दांड्याला शिवला नाही."

मी विचारलं की तो फळ्यासाठी का आला नाही, आणि विचारता विचारताच मला उत्तर समजलं, म्हणून वाक्य तसंच राहिलं. खोट्या प्लेटींवर तो चढला नसता. आणि खऱ्या आणल्या असत्या तर माझी चूक सगळ्या गावापुढे तोलली गेली असती. तिने हातातली वस्तू टेबलावर ठेवली. पितळी टोकांची पट्टी, आकसाची, आर्चची. "फळा शुक्रवारी काढणार आहेत," ती म्हणाली. "त्या मुलीने फोन केला होता, हवा का म्हणून. मला काय करायचाय. पण त्याच्यावर एक ओळ रिकामी आहे म्हणतात. हे तुझ्यासाठी नाही, सेल. तुला बरं वाटावं म्हणून मी सांगत नाही."

मला बरं वाटलंही नाही, ह्याबद्दल तिने निश्चिंत असावं.

गुरुवारी सकाळी टालियाने शिडी धरली. माझा हात आता ब्रश धरण्याजोगा राहिलेला नाही. एका अक्षराला मला पूर्वी संपूर्ण नावाला लागायचा तेवढा वेळ लागला. खिडकीजवळ चौघे पाठ करून बसले होते, पण म्हाताऱ्या माणसांची पाठ फार बोलकी असते. ऊना आली. ह्या वेळी डबा नव्हता. ती तक्रारपेटीला टेकून उभी राहिली. शेवटी रेक्सला राहवेना. तो उठून आला आणि मान वर करून पाहू लागला.

"लिहिलंस एकदाचं आपलं नाव," तो म्हणाला. मग वाचलं. "आर्च? आर्चने कधी उचलले?"

"मी मोजले होते," ऊना म्हणाली.

"आणि आमचे?"

"तुमचे मी मोजले नव्हते, रेक्स."

त्याला माझ्याकडे बघायचं नव्हतं, तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून तो अक्षरांकडे बघत राहिला. "अक्षर बिघडलं तुझं," तो मला म्हणाला, आणि खिडकीकडे गेला. मंगळवारनंतर तो माझ्याशी बोलला ते एवढंच, आणि त्यातलं हे शेवटचं वाक्य खरं होतं.

फळा शुक्रवारी निघाला. आता तिथे आरसा आहे आणि आम्ही त्यात आहोत, ऊना सोडून. मी शेवटच्या ओळीतल्या अक्षरांसाठीच्या रेघा आर्चच्या पट्टीने आखल्या होत्या. त्यामुळे त्याचं नाव वरच्या अकरांहून केसभर मोठं आलं. डोळ्यांना ते दिसण्यासारखं नव्हतं, आणि लाकूड काही निवताना आकसत नाही.